पुलावरून डावीकडे

कोणी कोणाला चुकीची वाट सांगितली, की देवाजी मेश्रामच्या पोटात दुखायला लागे. भूक त्याला सोसायची, ऊन सोसायचं, बायकोचं बोलणं तर या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा; पण वाटेची चूक म्हणजे त्याला घरची चोरी वाटे. नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा तो. एकदा पोत्यांनी भरलेला टेम्पो भर गल्लीत सोडून एका परक्या माणसामागं धावला. काय झालं होतं, तर पानवाल्यानं त्या बिचाऱ्याला भांडेवाल्यांची गल्ली उलटीकडे दाखवली होती. मागं हातगाड्या अडल्या, हमाल शिव्या घालून राहिले, आणि हा बाबा कमरेवर हात ठेवून त्या माणसाला खाणाखुणा समजावतो आहे. ही खोड इंदूबाईला लग्नापासून ठाऊक होती. तिनं तिचा उपयोग मात्र एकदाच केला.

देवाजी सायगावला जाऊन आला होता. सायगाव म्हटलं की नव्या माणसाला ते उमरेडच्या पुढचं एखादं खेडं वाटे, मग देवाजी हसे आणि सांगे, की बाबा, ते व्हिएतनामात आहे, समुद्रापलीकडे, आणि तिथल्या एका बाजारात आपली अख्खी इतवारी बुडून जाईल. तिथल्या दोन बाजूंचं भांडण पाहायला आंतरराष्ट्रीय आयोग बसला होता, त्यात आपली फौज होती, आणि फौजेत देवाजी साहेबाची जीप चालवायला होता. तीन वर्षं राहिला. देवाजीची वस्ती छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेली. बुद्धाच्या देशात राहून आलेला माणूस म्हणून त्याला विहारात पुढं बसवत. इंदूबाई त्या तीन वर्षांत विड्या वळत होती, पोरीची शाळा करत होती, सासूचं दुखणं काढत होती. तिला कुठंच पुढं बसवलं नाही.

आता त्या पोरीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरलं होतं. साक्षगंध झालं होतं. मुलगा श्रीधर, फौजेत कारकून, दिसायला नीटस, बोलायला गोड. सगळं जमून आलं आणि एक दिवस तो पेढे घेऊन आला, की माझी बदली झाली, आयोगावर, सायगावला, दीड वर्षासाठी.

झालं. घरात दोन पक्ष पडले. देवाजीचं म्हणणं, लग्न उरकून टाकू, पोरगा मग निश्चिंत मनानं जाईल. इंदूबाईचं म्हणणं, जाऊन येऊ दे, मग अक्षता. पुढंमागं काही झालं तर पोरगी दुसऱ्याच्या घरात, नवरा परमुलखात, ही कसली निश्चिंती? आणि नुसतं एवढंच नव्हतं. देवाजी परत आला तेव्हा तो कसा आला, हे तिनं पाहिलं होतं. घरात आला तो पाहुण्यासारखा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. तिच्याशी भांडायचासुद्धा कंटाळा करायचा. सहा वर्षं झाली त्याला येऊन, तरी तो आला असं तिला वाटत नव्हतं. आपल्या लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं धरलं होतं, आणि धरलेलं सोडणाऱ्यातली ती नव्हती.

देवाजीनं तिला जुमानलं नाही. त्यानं उलट श्रीधरला दर रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली, सायगाव कसं फिरायचं ते शिकवायला. पोरगा यायचा, खुर्चीवर बसायचा. देवाजी खाटेवर मांडी घालून बसायचा. आणि दाराशी इंदूबाई सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कातरत बसायची, कचाकचा, जणू पानं नव्हेच ती.

पहिल्या रविवारी नुसता थाट होता. मोठ्या बाजाराच्या दारावर घड्याळाचा मनोरा आहे, हरवलात की आधी तो शोधायचा. लाल विटांचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ आहे, त्याच्या समोर पोस्ट. तमिळ लोकांचं देवीचं देऊळ आहे, सिंध्यांची कापडाची दुकानं आहेत, हिंदीची फारच आठवण आली तर तिथं जाऊन उगाच भाव विचारायचा. रिक्षा उलटी असते, बसणारा पुढं आणि चालवणारा मागं, म्हणजे काही आदळलं तर आधी आपले गुडघे. खायचा पाव हातभर लांब. आणि खारवलेल्या मासळीचं पाणी सगळ्यात घालतात. पहिले दिवस नाक दाबायचं, मग त्याच्याशिवाय भात उतरत नाही.

श्रीधर हसत होता. प्रेमिला आत चहा करता करता हसत होती. रस्ता ओलांडायची रीत सांगायला देवाजी खाटेवरून उठून उभासुद्धा राहिला. स्कूटरी आणि सायकली पुरासारख्या येतात, थांबत नाहीत. आपण पाय टाकायचा आणि सावकाश चालत राहायचं. पळायचं नाही, थबकायचं नाही, मागं तर फिरायचंच नाही. तेच आपल्या बाजूनं वाट काढतात. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो चालून दाखवत होता, आणि त्याचं तोंड असं उजळलं होतं, की इंदूबाईनं कात्री खाली ठेवली. हे तोंड तिनं या घरात पाहिलंच नव्हतं. तिला राग आला. माणूस आपल्या घरात मेल्यासारखा वागतो आणि दुसऱ्याच्या गावाचं नाव काढलं की जिवंत होतो, तर बायकोनं काय त्याची आरती करायची?

दुसऱ्या रविवारी बस, मोटारी, नदीकाठ, आणि चोलोन म्हणून चिन्यांची वस्ती आहे, ती. तिसऱ्या रविवारी तो बाजारहाटाच्या गोष्टींवर आला, आणि तिथं तो फसला.

मोठ्या बाजारात जायचंच नाही म्हणाला, तो गोऱ्यांसाठी आहे. पुलाजवळ छोटा बाजार भरतो, तिथं जायचं, उजाडायच्या आत, कारण मासळीच्या होड्या तेव्हा लागतात. तोंडाशी बसलेल्या बायांकडून भाजी घ्यायची नाही, पाणी मारून ठेवतात. पार टोकाला एक म्हातारी बसते, काळे दात, तिच्याकडे सांबाराची जुडी ताजी असते. कोथिंबिरीला आपल्या नागपुरात सांबारच म्हणतात. तांदूळ घेताना मूठ भरून वास घ्यायचा. रॉकेल शिंप्याच्या शेजारी मिळतं, पण शनिवारी नाही. आणि दुधाचा डबा घ्यायचा तर गायीचं चित्र असलेला, दुसऱ्या डब्यानं लेकरांचं पोट बिघडतं.

पानं कातरणारा हात थांबला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. देवाजी तर पुढं निघूनसुद्धा गेला होता, पावसाळ्यात चपला कुठं शिवून मिळतात ते सांगत होता.

आता ऐका. फौजी माणूस लाइनीत, बराकीत राहतो. त्याला लंगरात शिजवलेलं मिळतं. सुट्टीवर घरी आला होता तेव्हा याच देवाजीनं लंगरातल्या डाळीला नावं ठेवली होती, दोन्ही वेळा जेवताना. मग याला तांदळाचा वास घेऊन काय करायचं होतं? रॉकेल कोणत्या चुलीत घालत होता? आणि गायीच्या डब्यातलं दूध कोणतं लेकरू पीत होतं, की ज्याचं पोट बिघडलेलं यानं पाहिलं? नागपुरात या माणसानं जन्मात सांबाराची एक जुडी घरी आणलेली नव्हती. सासू मरणाला टेकली होती आणि हा सुट्टीवर होता, तेव्हा इंदूबाईनं लिंबू आणायला सांगितलं, तर यानं विचारलं होतं की लिंबू कुठं मिळते. आणि तिकडं उजाडायच्या आत उठून काळ्या दाताच्या म्हातारीकडे जात होता.

इंदूबाईला रडू आलं नाही. दुसरी बाई असेल, हा संशय कुठल्या फौजीच्या बायकोला नसतो? तो तिनं केव्हाच गिळून टाकला होता. पण बाई ठेवणं निराळं आणि संसार करणं निराळं. आपला संसार तिनं एकटीनं ओढला आणि यानं पिशवी हातात घेऊन दुसऱ्याचा केला, हे तिच्या घशाखाली उतरेना. मागच्या वर्षी शेजारच्या बाबारावच्या रेडिओवर सायगावात लढाई पेटल्याच्या बातम्या लागल्या होत्या, तेव्हा हा ताटावरून उठून गेला होता, दोन दिवस बाबारावच्या ओट्यावरून हलला नव्हता. पलटणीतले लोक आहेत आपले तिथं, म्हणाला होता. आणि हिनं वेडीनं त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. त्या झाकलेल्या ताटाची आठवण झाली आणि ती पानं पुन्हा कचाकचा कातरायला लागली.

त्या दिवशी निघताना श्रीधरनं देवाजीला एक गोष्ट विचारली. हळूच विचारली, पण दाराशी बसलेल्या इंदूबाईला ती ऐकू आली आणि कपबशा उचलायला आलेल्या प्रेमिलालाही. तो म्हणाला, लाइनीतच राहावं लागते काय मामाजी, का बाहेर खोली भेटते भाड्यानं? देवाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मिळते, मिळते, असं हसून सांगितलं.

आठवडाभर इंदूबाई त्याच्याशी बोलली नाही. त्यानं ते ओळखलंसुद्धा नाही, इतकं कमी त्या घरात बोलणं होतं. ती विड्या वळत होती आणि मनात सायगाव पुन्हा पुन्हा फिरत होती. तीन रविवार ऐकून शहर तिला पाठ झालं होतं. आणि फिरता फिरता तिला कळलं, की देवाजीची प्रत्येक वाट एकाच जागेवरून निघते. लाइन होती विमानतळाच्या अंगाला, हे त्यानंच सांगितलेलं. पण बाजाराला जायचं तर पुलावरून, नदीवर जायचं तर पुलावरून, चोलोनला जायचं तरी आधी शिंपी, मग नळ, मग पूल. घरातून निघालेला माणूस वाट सांगतो तशा त्या वाटा होत्या. आपण इतवारीची वाट सांगताना आपल्याच दारातून सुरू करतो, तशा. पूल, नळ आणि शिंपी तिला सापडले होते. दार तेवढं सापडलं नव्हतं.

चौथ्या रविवारी श्रीधर एकटा आला नाही. त्याची आई यमुताई बरोबर आली, तारीख पक्की करायला. देवाजीनंच निरोप धाडला होता, इंदूबाईला न विचारता. यमुताई जाडजूड, शहाणी बाई; आल्या आल्या तिनं सांगितलं की पोरगा वैशाखात जाणार, तर त्याच्या आधीचा रविवार बरा, विहारातच उरकू. देवाजी मान डोलावत होता. प्रेमिला आत चुलीपाशी होती. इंदूबाई सूप घेऊन दाराशीच बसली होती. पाहुणे आले म्हणून ती उठली नाही, हे यमुताईच्या लक्षात आलं आणि तिला ते लागलंही.

देवाजीनं मग विषय सायगावावर नेला, दुसरं काय नेणार? या रविवारी म्हणे बोलभाषेतले चार शब्द शिकवायचे होते. तेवढ्यात इंदूबाई मधेच बोलली. आवाज अगदी साधा होता. म्हणाली, "श्रीधर, मले बी पाठ झालं बरं तुमचं सायगाव. चुकलं तर सांगा. बाजारातून भाजी घेतली, का पुलावर या. पूल उतरला का नळ. नळापासून उजव्या हाताले शिंप्याची गल्ली. तिच्यात शिरलं का तिसरं दार."

"उजव्या नाही वं, डाव्या हाताले," देवाजी म्हणाला. "उजवीकडे कोळशाची वखार हाय. अन् तिसरं नाही, पाचवं. निळं दार."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. ते कळताना इंदूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे इतकं निरखून तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातातली विडी विझली होती, तरी त्यानं ती तोंडात धरली.

"निळं दार," इंदूबाई म्हणाली. "तिथं काय पाहाले भेटते? मनोरा हाय का देऊळ?"

श्रीधर एकदा देवाजीकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. यमुताई मात्र बाईमाणूस; तिनं पदर ओठांवर ओढला.

मग देवाजीला राग आला. पकडलेल्या माणसाला येतो तसा राग. पाहुण्यांसमोर काय वाट्टेल ते बोलते, डोकं फिरलं आहे, विड्यांची तंबाखू चढली आहे, असं तो बरळला. पोरीच्या सोयरिकीत खोडा घालायचा आहे हिला, म्हणाला. इंदूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. कात्री सुपात ठेवली. पोरीच्या सोयरिकीचंच बोलून राहिले मी, म्हणाली. ज्या माणसानं तीन वर्षं मला विधवेसारखं ठेवून दुसरीकडे दुधाचे डबे वाहिले, तो माणूस आता दुसऱ्या पोराला तोच रस्ता शिकवतो आहे, आणि वरून म्हणतो, आधी माझ्या पोरीला याच्या गळ्यात बांधा. तुमची पोरगी असती यमुताई, तर तुम्ही दिली असती का?

यमुताईनं सावरायचा प्रयत्न केला. पुरुषाची जात, परका मुलूख, होऊन गेलं ते गेलं. आमचा श्रीधर तसा नाही. पण ते बोलताना तिनं पोराकडे पाहिलं, आणि पोरगा जमिनीकडे पाहत होता.

"पोरगा का पोरगी?" इंदूबाईनं नवऱ्याला विचारलं.

देवाजीचे खांदे खाली आले, आणि मग त्याचा रागही गेला. तो म्हणाला, "पोरगी."

"नाव?"

तो खाटेची दोरी नखानं खरवडत होता. इंदूबाईनं पुन्हा विचारलं. आता तिच्या आवाजाला धार होती, आणि ती तिनं लपवली नाही. पोटच्या पोरीचं नाव घ्यायची लाज वाटते का, म्हणाली.

"प्रेमिला," देवाजी म्हणाला.

आतून आवाज आला, "काय बाबा?" आणि चहाचा ट्रे घेऊन प्रेमिला दारात आली. बाबांनी हाक मारली म्हणून आली होती ती. पण देवाजी तिच्याकडे बघेना. त्यानं तिला हाक मारलीच नव्हती, त्यानं इंदूबाईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. तिकडच्या पोरीचं नावही त्यानं प्रेमिलाच ठेवलं होतं. इंदूबाईला ते आधी कळलं, मग यमुताईला, मग श्रीधरला. सगळ्यात शेवटी, तिघांच्या तोंडांकडे पाहून, प्रेमिलाला कळलं. आतलं बोलणं चुलीपर्यंत येत होतं. तिनं आधीचं सगळं ऐकलेलं होतं. फक्त नाव तेवढं तिला आपलं वाटलं होतं.

"तुमची आठवण येत होती," देवाजी पुटपुटला. हे त्यानं कोणाला सांगितलं, लेकीला की बायकोला, ते कोणाला कळलं नाही, आणि कोणाला त्याची दयाही आली नाही. इंदूबाईला तर त्या शब्दांनी जास्तच चीड आली. आठवण येत होती तर घरी यायचं होतं. नाव चोरून नेऊन दुसऱ्याच्या पाळण्यात घालायचं, याला आठवण म्हणतात का? ती तसं म्हणालीसुद्धा.

प्रेमिलानं ट्रे खाली ठेवला. एक थेंब सांडू दिला नाही. मग श्रीधरसमोर उभी राहिली. साक्षगंधापासून ती त्याच्याशी चारचौघांत बोलली नव्हती, आज बोलली.

"मागच्या रविवारी तुमी खोलीचं विचारलं होतं. काहून विचारलं?"

सहज, श्रीधर म्हणाला. सगळेच विचारतात. प्रेमिला वाट पाहत उभी राहिली, की याच्यापुढं तो आणखी काही बोलतो का. त्यानं ट्रेमधला कप उचलला.

यमुताई उठली. आता तारखेचं राहू द्या आज, म्हणाली, पुढच्या रविवारी बघू. तिच्या मनात मोडायचं होतं की नाही, देव जाणे. तिला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, एवढं खरं. पण प्रेमिला वाटेतून बाजूला झाली नाही.

"पुढच्या रविवारी नाही, मावशी," ती म्हणाली. "यायले आधी सायगावले जाऊ द्या. तिकडं मागच्या वर्षी गोळे पडले, रेडिओवर सांगत होते. बाबा दोन दिवस जेवले नाही ते कोणासाठी, ते मले आज समजलं." मग श्रीधरकडे वळली. "त्या दारावर जा. माह्या नावाची पोरगी जिती हाय का पाहून या. खरं काय ते येऊन मले सांगा. मंग लग्नाचं बोलू."

इंदूबाईनं मान वर केली. चार आठवडे ती जे मागत होती ते तिला मिळालं होतं. लग्न आता परत आल्यावरच होणार होतं, झालं तर. पण त्या निळ्या दाराआडच्या पोरीची चौकशी आपल्या घरातून व्हावी, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सरळ ‘नाही’ म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं लेकीकडे पाहिलं आणि ते तिथंच राहिलं.

श्रीधर दारापर्यंत गेला. चपला घातल्या. मग मागं वळला, आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच गोडपणा नव्हता, नुसती भीती होती.

"पूल उतरल्यावर डावीकडे ना, मामाजी?"

देवाजी खाटेवर बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही. जन्मभर परक्यांच्या मागं धावून वाटा सांगणाऱ्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटेना. श्रीधर उभाच राहिला.

"डावीकडे," इंदूबाई म्हणाली. "उजवीकडे कोळशाची वखार हाय."